पुढचं स्केल

“सर, मेजर, मायनर, पेंटाटोनिक झालं. आता पुढचं स्केल कोणतं?” तेलगावच्या वर्षाराणीनं गिटारच्या ऑनलाइन सरांना विचारलं.

“हार्मोनिक मायनर घे. त्यातला सातवा सूर काळजाला हात घालतो.”

“काळजाचं मागून बघा म्हणाव,” शेजारून वडील बद्रीनाथ बोलले. “रेडकू मेल्यापासून म्हैस दूध चोरायलीय, तिच्यासाठी काय हाय का इचार.”

सरांच्या अभ्यासक्रमात तसं काही नव्हतं.

म्हशीला पान्हा फुटावा म्हणून रेडकाच्याच कातड्यात भुसा भरून बद्रीनाथांनी ते तिच्यापुढं उभं केलं होतं. तिनं एकदा हुंगलं आणि तोंड फिरवलं. आता तिला वडवणीच्या बाजारात विकायला न्यायचं ठरलं होतं.

घरात ‘त्या खोक्याची’ कटकट नको, म्हणून वर्षाराणी गोठ्यातच रियाजाला बसायची. संध्याकाळी तिनं नवं स्केल अडखळत वाजवलं, सातव्या सुरावर चुकली, पुन्हा वाजवलं. म्हशीनं मान वळवली. कासेतून आपोआप दूध ठिबकू लागलं.

बद्रीनाथ चरवी घेऊन धावत आले आणि दारातच थबकले. त्यांनी चपला काढल्या. भुशाचं रेडकू उचलून गोठ्याबाहेर ठेवलं.

“वर्षा,” ते हळूच म्हणाले, “ज्यानं ह्ये स्केल काढलं, त्याचंबी रेडकू गेलतं का गं?”