स्वखुशीने

बसकंडक्टर आईने लेकीच्या एमसीएची फी खिडकीत भरून पावती घेतली. लेक गुणवत्तायादीत तिसरी होती. तरी कारकून म्हणाला, "विकासनिधीचे पन्नास हजार राहिले. रोख द्या, त्याची पावती नसते. या कागदावर सही करा." कागदावर छापलं होतं, 'ही देणगी मी स्वखुशीने देत आहे.' आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "वीस वर्षं तिकिटाशिवाय कोणाकडून नाणंसुद्धा घेतलं नाही!" लेक कुजबुजली, "आई, कर ना सही. माझी जागा जाईल." आईने पेन उचललं, 'स्वखुशीने' खोडून वर लिहिलं, 'तुमच्या धाकाने', आणि सही ठोकली. कारकून उसळला, "असा कागद चालत नाही!" "मग तसले पैसेही चालत नाहीत," म्हणत आईने सोबत आणलेलं नोटांचं पाकीट परत पिशवीत कोंबलं. "प्रवेशाचा शिक्का मारा." रांगेतून डोकावणारा एक बाप खाकरला, "ताई, जरा ते पेन द्या."