शाळेला लागून फ्लॅट

"आणि मी कुठे नोकरी करते ते बोलायचं नाही हं," लिफ्टमध्ये शैलाने शिरीषला पुन्हा बजावलं. "मी फक्त अंतराची आई."

शिरीषने मान डोलावली. लग्नाला इतकी वर्षं झाली की मान आपोआप डोलते. मागे अंतरा कानात इअरफोन घालून उभी होती. तिला कुणी काही बजावलं नव्हतं. विचारलंही नव्हतं. पिझ्झ्यावर काय घालायचं हे मात्र घरात तिलाच विचारतात.

बजावण्याचं कारण साधं होतं. शैला करंदीकर इथे आखातात, अल् खुवैरजवळच्या इंडियन स्कूलमध्ये अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवायची. अंतराही त्याच शाळेत, नुकतीच दहावी झालेली. आता पुढची दोन वर्षं म्हणजे सगळं काही. इंजिनीअरिंगला बरं कॉलेज मिळायचं की नाही, ते यातच ठरणार. आणि ही दोन वर्षं आपल्याच शाळेच्या हाती सोपवायला शैलाचं मन धजावत नव्हतं.

"अगं, पण तिथे फिजिक्सला तू आहेस ना?" शिरीषने एकदा घरी विचारून पाहिलं होतं.

"म्हणून तर सांगतेय!"

पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, इथे तर पिकवणारीच गिऱ्हाईक हाकलत होती.

तर शाळा ठरली ती विमानतळाच्या पलीकडची. का, तर मंडळाच्या हळदीकुंकवात तिथल्या टॉपरची आई भेटली. आपल्या बायका तिळगूळ देतात, गोड बोला म्हणतात आणि लगेच टक्के विचारतात. टॉपर तिथला, म्हणजे शाळा चांगली, तिथलं पाणी चांगलं, आसपासची हवासुद्धा चांगली. मग घरही तिकडेच हवं. शिरीषचं ऑफिस अल् खुवैरला, घरातून निघालं की पोचलं. आता त्याने रोज हायवेवर ट्रॅफिकमध्ये बसायचं. मुलीसाठी बापाने एवढं करायलाच हवं, असं शैलाने ठरवून टाकलं होतं. ती स्वतःही रोज तिकडून गाडी हाकत जुन्याच शाळेत जाणार होती, लोकांच्या मुलांना फिजिक्स शिकवायला.

सध्याची भाडेकरू संध्या गायकवाड हिने दार उघडलं. फ्लॅट स्वच्छ, हवेशीर. तिचा नवरा प्रेमानंद रुसैलच्या एका फॅक्टरीत इंजिनीअर. पाहुणे आल्या आल्या त्याने तिन्ही एसी लावून दाखवले. पण शैला थेट बाल्कनीत गेली. समोरच शाळेचं मैदान होतं. लोक देवळाच्या कळसाकडे बघतात तसं तिने त्या इमारतीकडे बघितलं. हात जोडायचेच तेवढे राहिले.

"आमची अंतरा अल् खुवैरकडच्या शाळेत होती," ती चहा घेताना म्हणाली. "आता अकरावीला इथे घालायचं म्हणतोय. कशी आहे हो शाळा?"

"छान आहे. आमची स्नेहल पहिलीपासून इथेच."

"टीचर्स?"

"चांगले आहेत, ताई."

"आणि लॅब?"

"लॅबही मोठी आहे."

शैलाने शिरीषला डोळ्याने खुणावलं. प्रेमानंदनेही ती खूण टिपली. "तुम्ही फक्त हो म्हणा," तो म्हणाला. "आमचा अर्बाब, म्हणजे घरमालक हो, भला माणूस आहे. मी त्याच्याशी बोलतो, की खलास."

शिरीष हो म्हणणारच होता. पण कधी नव्हे ते त्याला एक शंका आली. "एवढं सगळं चांगलं आहे, तर तुम्ही घर सोडताय का?"

संध्या जरा संकोचली. "स्नेहलचीही दहावीच झाली ना. पुढची दोन वर्षं महत्त्वाची. तुमच्या अल् खुवैरकडच्या शाळेत फिजिक्सला कुणी शैला मिस आहेत म्हणे. माझ्या मैत्रिणीची मनाली फिजिक्समध्ये नापास व्हायची, रडायची नुसती. त्या मिसनी तिला मधल्या सुट्टीत रोज स्वतःजवळ बसवून शिकवलं. स्वतःचा डबासुद्धा खायच्या नाहीत म्हणे. आज पोरगी इंजिनीअरिंगला आहे! असं माणूस कुठे मिळतं, ताई? ह्यांना तिकडून रुसैल लांब पडेल. म्हटलं पडू दे. तिकडे घरही बघून ठेवलंय."

शैलाचा कप ओठांशीच थांबला. तिला मनाली आठवली. आधी छाती फुलली. मग एकदम लाज वाटली, भयंकर लाज. दहावीच्या वर्षात अंतरा कितीदा पुस्तक घेऊन समोर उभी राहिली होती, आणि पेपरच्या गठ्ठ्यातून मान वर न करता आपण म्हणालो होतो, नंतर गं. तिला रडायला येत होतं. पण फ्लॅट बघायला आलेल्या बाईने रडायचं कारण काय सांगायचं?

शिरीषला तेवढ्यात एसीच्या रिमोटमध्ये फार रस वाटू लागला.

"तू तर तिथलीच ना गं?" संध्याने अंतराला विचारलं. "तुला होत्या का शैला मिस?"

अंतराने इअरफोन काढले. आईकडे पाहिलं. "नो, आंटी. त्या टेन्थपर्यंत नाही शिकवत. मी... मी वाट बघत होते. इलेवंथला मिळणार होत्या मला."

"मग?"

"मग मम्मीला ती स्कूल नाही आवडली."

संध्या कळवळली. तिने पुढे सरकून शैलाचा हातच धरला.

"अहो ताई, असं कसं करता? पोरीची शाळा सोडवायच्या आधी एकदा त्या मिसना भेटून तरी बघायचं!"