दूरच्या महिन्याचा भाव

"ऐंशी पैसे कुठे गेले?" कारखान्याच्या मालकीण वहिनींनी विचारलं.

कारखान्याचे हिशोब बघणाऱ्या भाऊजींनी तोच हिशोब तिसऱ्यांदा केला. कातडी हातमोजे शिवणाऱ्या या कारखान्याचे दोन लाख डॉलर आज बँकेत आले होते. बँकेने डॉलरला भाव दिला ब्याऐंशी रुपये दहा पैसे. डॉलर पडला तर मार बसू नये म्हणून भाऊजींनी जूनमध्येच वायदे बाजारात, जिथे पुढच्या महिन्यांचे भाव आधीच ठरतात, डॉलर विकून ठेवले होते, पंच्याऐंशी चाळीसने. डॉलर पडलाच. आज तो सौदा मिटवला तेव्हा डॉलरमागे अडीच रुपये सुटले. ब्याऐंशी दहा आणि अडीच, चौऱ्याऐंशी साठ. काही केल्या पंच्याऐंशी चाळीस होत नव्हते.

"दलालाने खाल्ले?"

"नाही." भाऊजींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "जूनमध्ये यादीत दोन भाव होते. सप्टेंबरचा चौऱ्याऐंशी साठ आणि डिसेंबरचा पंच्याऐंशी चाळीस. मला मोठा दिसला तो मी घेतला. पण तो भाव डिसेंबरपर्यंत थांबणाऱ्याला मिळतो, वहिनी. आजही डिसेंबरचा भाव ब्याऐंशी नव्वद आहे, बँकेच्या भावापेक्षा ऐंशी पैसे वर. आपले पैसे सप्टेंबरमध्ये आले. मधले ऐंशी पैसे आपले नव्हतेच."

"म्हणजे तोटा नाही झाला."

"तोटा नाही. सौदा केलाच नसता तर ब्याऐंशी दहावर बसलो असतो."

"मग सुतकी तोंड करून का बसलाय?"

भाऊजींनी एक कागद पुढे सरकवला. पंच्याऐंशी चाळीस मिळणार असं धरून जुलैमध्ये जिन्याजवळ चिकटवलेला तो कागद त्यांनी सकाळीच काढून आणला होता. वीस शिवणकाम करणाऱ्या बायांची नावं, प्रत्येकीपुढे आठ हजार बोनस, खाली भाऊजींची सही. एकूण एक लाख साठ हजार. दोन लाख डॉलरवर ऐंशी पैसे म्हणजे नेमके तेवढेच.

वहिनी कागदाकडे बघत राहिल्या. कातड्याचं बिल, मजुरी, बँकेचा हप्ता, सगळं चौऱ्याऐंशी साठमध्ये जेमतेम बसत होतं. पलीकडे काही उरत नव्हतं.

"माझ्या पगारातून कापा," भाऊजी म्हणाले.

"तुमचा पगार कापून आठ जणींचं भागेल. बाकीच्या बारा जणींना काय सांगू? भाऊजी आणखी थोडे वाळले की तुमचेही देते?"

भाऊजी हसले नाहीत. कागदाची घडी घालून उठले.

"थांबा, मी येते."

"नको. आकडा माझा होता."

ते खाली आले तशी मशीनं एकेक करून थांबली. महिन्याच्या मध्यात भाऊजी खाली येत नसत. त्यांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. दोन महिने, दोन भाव, मोठा दिसला म्हणून आपण घेतलेला. बाजाराचं किंवा दलालाचं नावही काढलं नाही. बोनस आत्ता देता येणार नाही, हे सांगताना मात्र त्यांनी हातातल्या कागदाची घडी उघडून पुन्हा घातली.

कोपऱ्यातल्या एकीने बोनसच्या भरवशावर दाढेच्या डॉक्टरकडे सोमवारची वेळ घेतली होती. तिने गालावरचा हात काढून मांडीवर ठेवला.

सगळ्यांत जुनी बाई खिडकीपाशी बसायची. सगळ्या तिला मुकादम म्हणत. तिने दातांनी दोरा तोडला.

"भाऊजी, आमचा बोनस ज्या भावावर धरलात तो कुठल्या महिन्याचा होता म्हणालात?"

"डिसेंबरचा."

"मग डिसेंबरमध्ये द्या."

दोघी-तिघी फसकन हसल्या. मुकादम हसली नाही. तिने अर्धा शिवलेला पंजा सुईखाली सरकवला, पण मशीन सुरू केलं नाही. भाऊजींकडे बघत थांबून राहिली.