बर्फातले तीन दिवस

मोंटानातले दातांचे डॉक्टर लायल ब्रेकी निवृत्त झाले आणि त्यांनी घरात शिकारीची खोली सजवायला घेतली. खिडकीशी काडतुसं भरायचं टेबल आणि बंदुकीची दारू तोलायचा नाजूक काटा मांडला. शेकोटीच्या वर एल्क सांबराचं बारा टोकांच्या शिंगांचं मुंडकं टांगलं. ते लांबच्या गावातल्या लिलावातून आणलंय, हे फक्त बायकोला ठाऊक होतं.

खोली दाखवायला त्यांनी सगळा शेजार जेवायला बोलावला.

"तीन दिवस गुडघाभर बर्फात मागावर होतो!" डॉक्टर रंगात आले. "शेवटी स्वतः भरलेल्या एकाच गोळीत आडवा केला."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नुकत्याच शेजारी राहायला आलेल्या हॉवलंड आजी मात्र उठल्या आणि सांबराच्या फाटक्या कानावरून हळूच हात फिरवून डॉक्टरांपाशी आल्या.

"हा आमच्या दिवाणखान्यातला," त्या पुटपुटल्या. "आमचे हे गेल्यावर मीच विकायला काढला."

डॉक्टरांनी चटकन बाकीच्या पाहुण्यांकडे पाहिलं. आजींनी त्यांचा हात थोपटला.



"घाबरू नका हो. ह्यांनीही तो लिलावातूनच आणला होता. फक्त ते बर्फात चार दिवस सांगायचे."