वळसा

डब्याचं झाकण तिच्या हातून निसटलं आणि फरशीवर कितीतरी वेळ गरगरत राहिलं. कालपासून घरात तेवढाच आवाज झाला होता. नवऱ्याने पाय ठेवून ते थांबवलं.

“आज वाट आपल्या झाडापाशी पोचणार,” ती म्हणाली.

“ठाऊक आहे.”

“मुकादमकाकांच्या कानावर घालू या का?”

“घाल. मग साहेब येईल, इथे कुणाला विचारून खणलंत म्हणेल, आणि उकरून दुसरीकडे न्यायला लावेल.” त्याने कुदळ खांद्यावर टाकली. “चालेल तुला?”

मुलीला उठवून तिने तिची वेणी घातली. “आई, दुखतंय,” मुलगी म्हणाली, तेव्हा कुठे तिने हात सैल केला.

डोंगर चढायची हौस असलेल्या लोकांसाठी रानातून पायवाट काढायचं काम चाललं होतं. साहेबाने आधीच येऊन झाडांना लाल फिती बांधून ठेवल्या होत्या, आणि या दोघांची टोळी झुडपं तोडत, माती कापत, दगड बसवत एकेका फितीने वर सरकत होती. आजची फीत ज्या झाडाला होती, त्याच्या बुंध्याशी त्यांचं पहिलं मूल होतं. या मुलीच्या आधीचं. दिवस भरण्याआधी आलं, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळायच्या आत गेलं. रान सरकारी, तिथे खणायची मुभा कुणालाच नव्हती. म्हणून नवऱ्याने एकट्याने जाऊन खड्डा केला, आणि वर खुणेचा दगडही ठेवला नाही. आईला खुणेची गरज नव्हती. ती सरपणाच्या निमित्ताने तिथे जाऊन बसायची आणि पुष्कळदा सरपण न घेताच परतायची.

झाडापाशी टोळी पोचली तेव्हा नवरा सगळ्यांच्या पुढे होता. त्याने कुदळ उचलली आणि ती तशीच धरून उभा राहिला.

“काका,” ती मागून म्हणाली, “इथून नको. जरा खालून घेऊ या वाट.”

मुकादम वळला. केस पिकलेला, मितभाषी माणूस. वाट वळवायला त्याला कारण लागे, आणि ते खडक, मूळ किंवा पाणी यांपैकीच असावं लागे.

“का गं?”

“पाणी मुरतं इथे.”

दगड वाहणाऱ्या एका बाईला, तोंड सतत चालू म्हणून, टोळीत सगळे रेडिओ म्हणत. ती खो खो हसली. “पाणी? इथली माती माझ्या सासूच्या डोळ्यांसारखी कोरडी आहे. काका, हिला सरळ काही बघवतच नाही. नवऱ्यालासुद्धा वाकवून ठेवलंय, बघा कसा उभा आहे.”

टोळी हसली. नवरा हसला नाही.

“बघू की,” मुकादम म्हणाला. “पाणी आणा.”

असा वाद निघाला की ही त्याची रीत होती. जागेवर डबाभर पाणी ओतायचं. जिरलं तर जमीन भुसभुशीत, वाट सरकवायची. वाहून गेलं तर जमीन पक्की, वाट तिथूनच. एकदा पाणी बोललं की त्यावर माणसाने बोलायचं नाही.

तो फितीच्या वरच्या अंगाला उकिडवा बसला आणि त्याने डबा कलता केला. पाणी जराही थांबलं नाही. वाळकी पानं पुढे ढकलत, रेडिओच्या पायांवरून, सरळ बुंध्याकडे निघालं.

आणि आई खाली बसली. दोन्ही तळहात जमिनीत रोवून तिने पाण्याला बांध घातला. आपण काय करतोय हे तिला कळलं तेव्हा पाणी हातांशी येऊन थांबलं होतं आणि सगळे तिच्याकडे बघत होते.

मुकादमाने तिचे हात पाहिले. हातांपलीकडे बुंध्याशी असलेली ती वीतभर जमीन पाहिली. तिथे पालापाचोळा नव्हता, कुणीतरी नेहमी झाडून ठेवावी तशी ती होती. मग त्याने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने पाठ फिरवली होती.

मुकादमाने रिकामा डबा बाजूला ठेवला.

“मुरतंय,” तो म्हणाला.

“अहो काका, माझ्या पायांवरून धो धो गेलं की.”

“मुरतंय म्हटलं ना. तू दगड उचल. साहेबाला काय सांगायचं ते मी सांगेन.” गुडघ्यांवर हात देत तो उठला. “खालून घ्या रे वाट.”

नवऱ्याने फीत सोडायला घेतली. एरवी डोळे मिटून दोर सोडणारा माणूस, पण त्याला गाठ सापडेना. शेवटी त्याने ती दातांनी तोडली.

खालून न्यायची म्हणजे मातीला दगडी बांध हवा. दिवसभर टोळी दगड वाहत होती आणि पाण्याला शिव्या देत होती. ती सगळ्यांपेक्षा जड दगड उचलत होती. रेडिओने एकदा जवळ येऊन तिच्या हातातला दगड काढून घेतला.

उन्हं कलली तेव्हा वाट झाडाला खालून लांब वळसा घालून पुन्हा चढाला लागली होती. हत्यारं गोळा होत होती. खाली पाण्याच्या पिंपांपाशी दिवसभर खेळलेली मुलगी नव्या वाटेवरून पळत पळत आली, वळणाशी थांबली, आणि वाट सोडून सरळ वर चढली. झाडाच्या बुंध्याशी, त्या झाडलेल्या जागेवर, दोन्ही पाय जोडून उभी राहिली.

“आई, बघ, मी किती लवकर आले.” तिने पायांखाली पाहिलं, मग झाडाभोवती एक चक्कर मारून आली. “इथे तर काहीच नाहीये. मग तुम्ही एवढा वळसा कशाला घातला?”