मिठाचा खडक

खलात बत्ता खणकन आपटला आणि सकाळची शांतता मोडली. गव्यांसाठी मीठ कुटताना अंबूचा हात आज जडच पडत होता.

तिचा नवरा कृष्णात राधानगरीच्या जंगलाचा रखवालदार. गव्यांनी चाटायचं मीठ तो लांब, ओढ्यापलीकडच्या खडकावर ठेवायचा. अभयारण्य झालं, मोटारी येऊ लागल्या, तसं जंगलखात्याच्या साहेबांनी ते पाहुण्यांच्या बंगल्यासमोर, अंबूच्या घरालगतच ठेवायला सांगितलं. "पावण्यांनी गवा बघितलाच न्हाय, तर जंगल राखायचं कुणाला पटंल?" कृष्णात म्हणाला होता. अंबूलाही ते पटलं होतं.

काल दिवस मावळायला गव्यांतली एक गाय नुकतंच जन्मलेलं वासरू घेऊन त्या मिठावर आली. ते बघून पाहुण्यांना राहवलं नाही, टाळ्या पिटत ते व्हरांड्यातून धावले. गाय रान तुडवत पळाली. वासरू मागंच राहिलं.

आता ते मिठापाशी उभं राहून हंबरत होतं. गाय पलीकडच्या झाडीतून नुसती बघत होती.

"आई, ती येत का न्हाय गं?" लहानग्या यमीनं विचारलं.

"माणसांना भ्यालीया, बाळा."

"पावणं तर गेलं की मगाशीच!"

अंबूनं बत्ता खाली ठेवला. पाळण्यातलं तान्हं उचलून तिनं पदराखाली घेतलं. यमीनं वासराकडं बघितलं, मग आपल्या घराच्या धुराकडं.

"मग आई, आपण कवा जायाचं हितनं?"