पोत्यातली वाळू

"उचल," अप्पा म्हणाले.

दुर्गेने बांबूचं पुढचं टोक डाव्या खांद्यावर घेतलं, मागचं आईने. मधोमध झोळीत वाळूचं पोतं लोंबत होतं. दोघी अंगणातून निघाल्या आणि माडांच्या बागेतून खाली समुद्राकडे चालू लागल्या. अप्पा पडवीतल्या खाटेवरून बघत होते, मधेच खोकत होते.

एके काळी याच अंगणात वाडीतली पोरं जोर काढायची, मुद्गल फिरवायची. अप्पा छडी घेऊन मधे उभे. मग देवस्थानच्या जमिनीचा दावा कोर्टात गेला. अप्पांनी खरं ते सांगितलं, ते नेमकं गावाच्या विरुद्ध गेलं आणि गावाने घर वाळीत टाकलं. न्हावी बंद, वाणी बंद, पोरं बंद. मुद्गल कोपऱ्यात धूळ खात पडले. अप्पांचं दुखणं वाढलं, तेव्हा मालवणच्या दवाखान्यात न्यायला ना कुणी गाडी जुंपली, ना कुणी होडी दिली. हीच माणसं एके काळी अप्पांच्या पाया पडायची, मेली!

शेवटी दुर्गाच म्हणाली होती, "अप्पा, आमी दोघी तुमका झोळयेत घालून न्हेतलव."

अप्पा म्हणाले, "बरा. पण आधी ताकद करूक व्हयी."

व्यायाम त्यांनीच बसवला, दोघींच्या अंगाला सोसेल असा. दुर्गा लहानपणी काजूवरून पडली होती, तेव्हापासून तिचा उजवा खांदा वर जात नसे. म्हणून बांबू डाव्यावर. बैठकांचा तिला मनस्वी कंटाळा, चालायला मात्र भारी आवडायचं. म्हणून जे काय करायचं ते चालतच. आईला दमा, म्हणून अर्ध्या वाटेवर उंडीच्या झाडाखाली ओझं टेकवायचं आणि दम खायचा. मालवणची वाट खडीची, पाय सोलून निघतील. सरावाला आपली मऊ वाळूच बरी. बागेच्या टोकाला सुरूची झाडं होती, तिथवर जायचं. वाटेत बोलायचं नाही, मागे वळून बघायचं नाही. त्याने दम तुटतो, असं अप्पांचं म्हणणं.

पोतं मात्र ते कुणाला भरू देत नसत. खोबऱ्याच्या खोलीत छताला मोठा तराजू टांगलेला होता. एका पारड्यात पोतं ठेवलेलंच असायचं. अप्पा आतून दार लावून घ्यायचे, करवंटीने वाळू घालायचे, काढायचे आणि धापा टाकत बाहेर यायचे. पोतं आणायला दुर्गा आत जायची, तेव्हा दुसरं पारडं रिकामं असायचं.

सुरुवातीला तिचा खांदा सुजून लाल झाला. पण पोरगी जिद्दीची. दिवाळी सरेपर्यंत खांद्याला घट्टा पडला, पाय वाळूत रोवून उभे राहू लागले. "उद्या निघूया, अप्पा?" ती रोज विचारायची. "आजून थोडे दिस," अप्पा म्हणायचे.

आणि पोतं हलकं होऊ लागलं.

आधी तिला वाटलं, आपलीच ताकद वाढली. मग पोत्याचं तोंड सैल पडलेलं दिसलं. म्हणजे अप्पांचा भरवसा उडाला तर! मोडक्या खांद्याची पोर, हिच्याने काय व्हायचंय! तिला अस्सा राग आला, की एका सकाळी तिने गुपचूप चार ओंजळी वाळू पोत्यात वाढवून टाकली.

पोतं अंगणात आलं तसं अप्पांच्या ते ध्यानात आलं. जन्मात कधी आवाज न चढवलेला माणूस खाटेवरून ओरडला, "काढ ती रेती! माप मी ठरवतलंय!" आणि खोकत खोकत आडवाच झाला.

दुर्गेच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी काय येवढी कमजोर आसंय, अप्पा?"

अप्पांनी तिचा हात धरला. त्यांच्या हाताची नुसती काडी झाली होती. "तुझ्या खांद्याक व्हया तितक्याच घेवचा, बाय," ते म्हणाले.

शिमग्याचे ढोल गावात वाजत होते, त्या सकाळी अप्पा उठलेच नाहीत. आई घराघरातून जाऊन आली. कुणी दार उघडलं नाही. एकाने खिडकीतूनच सांगितलं, गावच्या मसणात जागा नाही.

"तेंका खंय न्हेवचा गो आता?" आई अंगणात मटकन बसली.

दुर्गेने समुद्राकडे बघितलं. मग अप्पांची घडीची चादर काढली, झोळी बांधली, बांबू ओवला. हात कसे भराभर चालत होते. त्यांना सगळं पाठ होतं.

"माझ्यान होवचा नाय," आई रडत होती. "माणूस तो, पोता न्हय!"

"होतला. उचल."

दुर्गेने पाय रोवले. अख्ख्या माणसाचं ओझं यायचं, म्हणून दात आवळले, श्वास छातीत धरला आणि खांदा दिला. बांबू वर आला.

खांद्याने वजन ओळखलं होतं. ते कालच्या पोत्याचं होतं, ना मूठभर जास्त, ना मूठभर कमी.